मळलेले मोजे

जुन्या घरी शेजारीण कायम चेष्टा करायची, "काय हो, घरात धोबीघाट काढलाय की काय? जेव्हा बघावं तेव्हा तुमचं मशीन आपलं घुरघुरतंय!" यावर तीही हसायची. हसायला काय लागतं? खरं तर निम्म्या वेळा त्या मशीनमध्ये कपडेच नसायचे. नवऱ्याची पावलं जिन्यावर जड वाजायला लागली, की ती आधी पोरीला आतल्या खोलीत सारायची, दार ओढून घ्यायची आणि कपडे धुवायचं मशीन लावून द्यायची. मशीन म्हातारं झालेलं. पिळायला लागलं की अख्खं घर हादरायचं, आणि एखादे दिवशी तर ते चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत यायचं. एवढ्या गोंगाटात बाकीचं काही ऐकू जायचं नाही. शेजाऱ्यांना नाही, आणि मुख्य म्हणजे पोरीला नाही. निदान तिची तशी समजूत होती. एका धुण्याला चाळीस मिनिटं लागायची. बहुतेक वेळा तेवढी पुरायची.

ते घर सोडून आता चार महिने झाले होते. नवरा मागे राहिला, मशीन मागे राहिलं. पोरगी बरोबर आली. पोरीचं वय आठ, आणि नाक इवलंसं गोल म्हणून मावशीने पाळण्यातच तिचं नाव ठेवलेलं गुंडी.

बायकामुलांना आसरा देणारं एक केंद्र होतं. त्यांनी दोघींना तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळवून दिली आणि तिला विचारलं, "काम काय येतं?" ती म्हणाली, "कपडे धुता येतात." झालं, लागली लाँड्रीत. ज्या मशीनपासून पळून आली, त्याची आठ थोरली भावंडं तिथे ओळीने उभी. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिथे धुवायला यायचं. तिच्याकडे इस्त्री होती. जाडजूड वाफेची इस्त्री. जरा लक्ष ढळलं की मनगटाच्या वर चटका. हातावर लाल पट्टे उठायचे. घरी जाताना ती बाही खाली ओढून घ्यायची. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सवयच होती ती, अकरा वर्षांची.

संध्याकाळी गुंडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली असायची. शाळेतून येऊन ती तळमजल्यावरच्या घरमालकीण आजींकडे थांबे, पण साडेपाच वाजले की बाहेर येऊन पायरीवर. कुणालाही वाटावं, काय माया आहे पोरीची! पण आई समोर आली की ही उठायची, तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळायची आणि एक अक्षर न बोलता पुढे जिना चढायला लागायची. वर गेल्यावर खिडकीजवळचा कोपरा धरायची, भिंतीकडे तोंड करून. जवळ घ्यायला जावं तर लाकडासारखी ताठ. "शाळेत काय झालं गं आज?" "काही नाही." "भूक लागली?" "नाही." दोन ताटं, दोन पेले, दोन उशा आणि मधे ही शांतता. एका घरात राहिलं की भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात. इथे तेही लागत नव्हतं. कधी कधी तिला वाटायचं, आपण भाड्याने अर्धी खोली घेतलीय आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत दुसरंच कुणीतरी राहतंय.

त्यातून कपड्यांचा हट्ट. गुंडी कपडे धुवायलाच द्यायची नाही. एकच फ्रॉक चार चार दिवस. जेवताना मांडीवर कागद अंथरून बसायची, डाग पडलाच तर बोट ओलं करून चोळत बसायची. मोज्यांचा तर पत्ताच नसायचा. शाळेतून चिठ्ठी आली, 'मोजे घालून पाठवावे.' ती चिडली. "दिवसभर लोकांचे कपडे करते मी, आणि माझीच पोर अशी पारोशी! लोक काय म्हणतील? आण मोजे!" गुंडी म्हणाली, "हरवले." सात जोड हरवले! खोटं बोलतेय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आईने हात उगारला नाही, पण आवाज चढला. गुंडीने डोळे मिटून घेतले. मग आईच संडासात जाऊन रडली, नळ सोडून.

त्या दिवसानंतर तिच्या मनाने एकच घेतलं. पोरीला बाप हवाय. आपण तिला घरातून उपटून आणली, त्याचा हा राग आहे. तिने अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, फोन केला. अक्का स्पष्ट बोलणारी. "पाठवून दे माझ्याकडे. माझी दोन आहेत, त्यात तिसरी जड नाही. तुझं तू आधी सावर. तुझ्याकडे बघून पोर कुढतेय."

"माझ्याकडे बघतच नाही गं ती."

"तेच म्हणते मी. रविवारी दुपारी येते न्यायला. बॅग भरून ठेव."

ती 'बरं' म्हणाली. बरं म्हणायला काही सेकंद लागले, आणि मग फोन ठेवून ती कितीतरी वेळ खाटेवर बसून राहिली. एवढं एकटं तिला त्या घरातही वाटलं नव्हतं, कारण तिथे निदान ही पोरगी आपली आहे एवढी तरी खात्री होती.

रविवारचा आदला दिवस शनिवार. शनिवारी केंद्रात वर्ग असायचा. आया वरच्या खोलीत, मुलं खालच्या, आणि शेवटचा अर्धा तास सगळी एकत्र, सतरंजीवर. मुलांच्या बाईंचा एक नियम होता, आणि तो आयांना फार जड जायचा. एकत्र बसल्यावर मुलं बोलणार, आयांनी ऐकायचं. मुलांचं दुरुस्त करायचं नाही, समजूत घालायची नाही, आणि 'तसं नव्हतं रे' हे तर मुळीच म्हणायचं नाही.

"म्हणजे तोंडाला कुलूप?" एकीने विचारलं होतं.

"अर्ध्या तासापुरतं," बाई म्हणाल्या होत्या. "किल्ली मुलांकडे."

त्या शनिवारी मुलांनी खोक्यांची घरं केली होती. आपलं जुनं घर, जसं आठवतं तसं. गुंडीचं घर काड्यापेट्यांचं होतं. छोटीशी खोली, छोटंसं स्वयंपाकघर, आणि मधोमध बुटांचा एक अख्खा खोका, सगळ्या घरापेक्षा मोठा. खोक्याला पुढून गोल भोक.

"हे मशीन," गुंडी आईकडे न बघता बाईंना म्हणाली.

मशीन मधोमध कुठे होतं? बाथरूममध्ये होतं! आईच्या ओठावर आलेलं तिने गिळलं.

"हे लागलं की बाबा आईला मारतात," गुंडी म्हणाली.

उलटं गं बाई, उलटं! तो मारायचा म्हणून मी लावायचे! आईने सतरंजीची कड मुठीत घट्ट धरली. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"आणि मशीन का लागतं?" बाईंनी विचारलं.

"कपडे मळले की." गुंडीने काड्यापेटीच्या खोलीवरून बोट फिरवलं. "म्हणून मी मळवतच नव्हते. पण मोजे मळतातच. मग मी लपवायचे. तरी लागायचं. मला सगळे मोजे लपवताच आले नाहीत."

बाजूची एक आई पदर तोंडाला लावून उठून गेली. आपली ही मात्र हलली नाही. हलता येत नव्हतं.

"आता आई मशिनांच्याच घरी जाते. आठ आहेत तिथे. रोज हातावर वळ येतात. ती बाही खाली ओढते." आणि मग कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदाच गुंडीने आईच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "तिथे तुला कोण मारतं गं?"

बाई हळूच म्हणाल्या, "आता आईने बोललं तर चालेल."

आईने बाही वर केली. कोपरापर्यंत, दिव्याखाली, सगळ्यांसमोर. असं तिने आजवर कुणापुढे केलं नव्हतं.

"कोणी नाही मारत. ही इस्त्री लागलीय. माझ्याच धांदरटपणाने." मग तिचा आवाज फुटला. "आणि मशीन मीच लावायचे गुंडे. तुझ्या कपड्यांमुळे नाही. तुला काही ऐकू जाऊ नये म्हणून."

गुंडीने जरा विचार केला. "पण मला ऐकू यायचं."

"एवढ्या आवाजात?"

"मशीन मधेमधे थांबतं ना. पाणी भरून घेतं तेव्हा. तेव्हा यायचं."

अकरा वर्षं तिने ते मशीन लावलं होतं, पण ते मधे थांबतं हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या वेळी तिचं लक्ष दुसरीकडे असायचं. एका दाराच्या अलीकडे ती, पलीकडे ही, दोघीही एकमेकींना वाचवत होत्या आणि दोघीही एकट्या.

रविवारी सकाळी तिने अक्काला फोन केला. "न्यायला येऊ नकोस. राहायला ये वाटल्यास."

"का गं? काय झालं? परवा तर रडत होतीस!"

"ती रुसली नव्हती अक्का. पहारा देत होती."

अक्काला काही कळलं नाही. अक्काला पुढे कधीतरी सांगता येईल, असं म्हणून तिने फोन ठेवला.

हॉस्पिटलच्या चादरींना रविवार नसतो. ती गुंडीला घेऊनच लाँड्रीत गेली. मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या, या! तपासणीला आलेल्या दिसतात मोठ्या साहेब!" गुंडी हसली नाही. ती तपासणीलाच आली होती. घड्या घालणाऱ्या बाईच्या हातांकडे तिने निरखून पाहिलं, गाडीवाल्याला पाहून आईच्या मागे झाली, तो टॉवेलांचा गठ्ठा टाकून निघून गेल्यावर पुन्हा पुढे आली. इस्त्री बघितली. तिची कड आणि आईच्या हातावरचा पट्टा, दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितले. जुळले.

मग तिने दप्तर उघडलं. शाळा नसताना दप्तर कशाला आणलंय, हे आईने मुद्दामच विचारलं नव्हतं. आतून एकेक करून मोजे निघाले. सात जोड, पुठ्ठ्यासारखे कडक झालेले. वास तर असा, की मालकीणबाईंनी निमूटपणे खिडकी उघडली आणि कधी नव्हे ती एका शब्दाने टोकलं नाही.

"धुशील?" गुंडीने विचारलं.

आईने कडेच्या लहान मशीनमध्ये फक्त तेच चौदा मोजे टाकले. बटण दाबायच्या आधी पोरीकडे बघितलं. गुंडीने भिंतीला पाठ लावली, मान हलवली. मशीन घुरघुरलं. गुंडी पांढरीफटक पडली, आणि धावत येऊन तिने आईचा हात धरला. बाही नव्हे, हात, लाल पट्ट्याच्या जरा खाली. आईला चरचरलं, पण तिने हात काढला नाही.

मधेच मशीन थांबलं. पाणी भरून घेऊ लागलं. दोघींनी श्वास रोखला. गुंडी कान देऊन ऐकत होती, आणि आईही, आयुष्यात पहिल्यांदाच. पलीकडे घड्यावाली बाई शिंकली. कुठेतरी बादली सरकली.

"काही नाही," गुंडी कुजबुजली.

"काही नाही," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि या खेपेला नळ सोडायला ती उठली नाही. "चाळीस मिनिटं लागतील हं याला."

"बसू," गुंडी म्हणाली, आणि दोघी तिथेच चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या.