चार मिनिटं अकरा सेकंद

"मामा, यातली चार मिनिटं कुठे गेली?" भाचीने हेडफोन गळ्यात उतरवत विचारलं.

"कुठली चार मिनिटं?"

"रेकॉर्डिंग सव्वीस मिनिटं एकावन्न सेकंदांचं होतं. वहीत लिहिलंय मी. तुमच्या फाइलमध्ये बावीस चाळीसच आहेत."

"अगं, स्वच्छ केलं ना!" मामा म्हणाला. एवढं काम फुकट केल्यावर थोडं कौतुक व्हावं, अशी त्याची माफक अपेक्षा होती. "मध्ये चार मिनिटं कुणी बोलतच नव्हतं. आणि सगळीकडे मागे पाण्याची खळखळ. तीही काढून टाकली. आता ऐक आत्याचा आवाज. आरशासारखा लख्ख झालाय."

भाचीने खुर्ची वळवली. खोली एवढीशी होती की तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला. शिंप्याच्या दुकानामागची ही अडगळीची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली होती. डोंगरातल्या लोकांचा पॉडकास्ट दर शुक्रवारी इथून निघायचा. डोंगरातल्यांबद्दल डोंगरातल्यांनीच आणि आपल्याच भाषेत बोलायचं, एवढा एकच नियम होता. शहरात विटा वाहणारी पोरं, रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या बायका कानात इअरफोनची बोंडं घालून तो ऐकायच्या. अकरा हजार माणसं ऐकतात हे कळल्यापासून खाणवाल्या कंपनीचा वकीलही ऐकायचा. त्याच्यासाठी कंपनीने दुभाषा ठेवला होता. हा पॉडकास्टला मिळालेला पहिला पुरस्कार, असं भाची म्हणायची.

आत्ता मात्र ती विनोदाच्या मनःस्थितीत नव्हती.

"मामा, त्या चार मिनिटांत आजी कळशी भरत होती."

मामाच्या चेहऱ्यावरची कौतुकाची अपेक्षा जागच्या जागी राहिली, पण तिच्याखालून बाकीचा चेहरा निघून गेला.

डोंगरात झरा बरा आहे का, असं कुणी विचारत नाही. कळशीला किती वेळ लागतो, असं विचारतात. कंपनीच्या अहवालात झरा सात वर्षं कोरडा होता. कोरडा असला तरच तिथे सुरुंग लावायला परवानगी मिळणार होती. म्हणून मागच्या शुक्रवारी भाचीने आजीला, म्हणजे मामाच्या आत्याला, झऱ्यावर नेऊन बसवलं. आत्या म्हणाली, आता सगळे गप्प बसा, झराच सांगेल. आणि तिने कळशी धारेखाली धरली. सोमवारी कंपनीने झऱ्यावर मुरमाचे वीस ट्रक ओतले आणि कुंपण घातलं. आज चार वाजता सुनावणी होती. आत्ता साडेबारा वाजले होते.

"मूळ रेकॉर्डिंग?" भाचीने विचारलं, पण उत्तर ठाऊक असल्यासारखं.

"पुसलं."

"का?"

"काम झालं की पुसतात," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"आणि त्याच कार्डावर मी शनिवारी दोन तास मीटिंग रेकॉर्ड केली," भाची म्हणाली. "संपलं."

मामाने एकतीस वर्षं सरकारी रेडिओत काढली होती. तिथे त्याला कात्री म्हणत. तीन सेकंद शांतता गेली की मेमो, आणि कोरी टेप परत केली नाही तरी मेमो. या दोन मेमोंच्या मधून त्याने निवृत्तीपर्यंतचा रस्ता काढला होता. नोकरीच्या अर्जात त्याने डोंगरातलं गाव लिहिलं नव्हतं, तालुक्याचं लिहिलं होतं. पुढे ती भाषा समजते, पण बोलता येत नाही, असं तो सांगायला लागला. सांगता सांगता त्याची त्यालाही खात्री पटली.

"निघते मी," भाची उठली. "सुनावणीच्या साहेबांना सांगते, पुरावा नाही. आमच्याच माणसाने धुऊन काढला."

"बस खाली. माझं रेकॉर्ड कर."

"तुमचं? मामा, नियम माहितीये ना? आपल्या भाषेत."

"बटण दाब तू."

तो बोलायला लागला. पहिली दोन वाक्यं गंजलेल्या बिजागरीसारखी आली. मग आली ती आलीच. माझ्या कानांनी कळशी भरताना ऐकली आणि मीच ती पुसली, असं त्याने सांगितलं. तिथे थांबला असता तर चाललं असतं. पण दार उघडलंच होतं, तर आधी पुसलेलेही बाहेर आले. रेडिओवर डोंगरातल्यांचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असायचा. गाणी ठेवायची, गाऱ्हाणी काढायची, असा तोंडी हुकूम होता. रस्ता मागणारा म्हातारा काढला. जमिनीचा कागद हरवला म्हणून रडणारी बाई काढली, तिच्या लेकीचं गाणं ठेवलं. माणसं म्हणायची, काय सुखी लोक आहेत, सारखे गात असतात.

"यातलं काय कापू?" शेवटी भाचीने विचारलं.

"काही नको."

"मध्ये तीनदा खोकलात तुम्ही."

"खोकू दे."

दोन वाजता भाग बाहेर गेला.

चार वाजता सुनावणीच्या खोलीत कंपनीचा वकील उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात त्या भागाचं टंकलिखित भाषांतर होतं. दुभाषा कामसू निघाला. मामाला भीती वाटत होती तेच झालं.

"साहेब, हा साक्षीदार स्वतःच कबूल करतो," वकील म्हणाला, "की याने आयुष्यभर पुसापुशी केली. पुरावाही यानेच पुसला. आता म्हणतो, त्यात पाणी होतं. उद्या म्हणेल, समुद्र होता."

कंपनीच्या बाजूचे हसले. मागच्या बाकावर तिघांच्या जागेत पाच डोंगरातले बसले होते, ते हसले नाहीत. त्यांच्यात टोकाला आत्या होती. बावीस वर्षं ती मामाशी बोलली नव्हती; रेडिओवर येऊन ती काय बोलली होती आणि मामाच्या कात्रीनंतर घरी तिला काय ऐकू आलं होतं, यामुळे.

साहेबांनी चष्मा काढला. "बोला. तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"साहेब, पुसायच्या आधी ऐकावं लागतं," मामा म्हणाला. "अहवाल लिहिणाऱ्यांनी तेवढंही केलेलं नाही."

"वाक्य चांगलं आहे. पुरावा काय?"

"सांगतो. पण जेवढा वेळ लागला तेवढा वेळ घेऊन सांगावं लागेल."

"किती?"

"चार मिनिटं अकरा सेकंद. हिच्या वहीत मूळ लांबी आहे, कापलेली फाइलमध्ये आहे. वजाबाकी वकीलसाहेबांनी करावी."

"मी वेळच लावतो की," वकिलाने मोबाइल काढला. "होऊन जाऊ द्या."

मामाने डोळे मिटले.

"धार रिकाम्या तळावर पडतेय," तो म्हणाला. "टणटण वाजतेय."

मग तो गप्प झाला. खोलीत पंखा फिरत होता. टंकलेखकाची बोटं हवेत राहिली. वकील मोबाइलकडे बघून हसला, मग नुसताच बघत राहिला. सरकारी खोलीत कुणीही काही न बोलता एवढा वेळ जाण्याची कुणाला सवय नव्हती. एकाने उगाचच फाइल उघडून मिटली.

"तळ बुडाला. आवाज जाड झाला."

मागच्या बाकावर आत्याने मान हलवली. मामा बोलत होता ती सरकारी भाषा तिला कळत नव्हती. पण तिचे दोन्ही हात मांडीवर कळशी धरल्यासारखे झाले होते, आणि मामा बोलायच्या किंचित आधी तिची मान हलत होती. साहेब आता मामाकडे नव्हे, तिच्याकडे बघत होते.

"पोटापर्यंत आलं."

पुन्हा शांतता. मामाच्या कपाळावर घाम आला. इथे एक जरी खूण मागेपुढे झाली तर झरा दुसऱ्यांदा बुजणार, आणि याही वेळी त्याच्याच हातून.

"बाजूला पोरगं शिंकलं. मानेत चढतंय. आवाज बारीक होत चाललाय... अजून... भरली."

आत्याने हात उचलून मांडीवरची नसलेली कळशी बाजूला ठेवली.

"किती झाले?" साहेबांनी विचारलं.

वकिलाने मोबाइल खिशाकडे नेला.

"वकीलसाहेब, घड्याळ तुमचंच आहे."

"चार मिनिटं नऊ सेकंद."

"दोन सेकंद आधी बोललो," मामा म्हणाला. "वय झालं."

टंकलेखकाने हळूच विचारलं, "सर, मधल्या वेळेचं काय लिहू? ते तर काहीच बोलले नाहीत."

"जेवढं बोलले तेवढं लिहा. प्रत्येक वाक्यापुढे वेळ टाका."

"माझी हरकत आहे," वकील म्हणाला.

"तीही लिहा." साहेबांनी चष्मा चढवला. "आणि पुढे लिहा, येत्या गुरुवारी दोन्ही बाजूंसमक्ष मुरूम उपसावा. कंपनीच्या खर्चाने."

मुरमाखाली पाणी जिवंत असेल की त्याने दुसरी वाट धरली असेल, हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. भाचीने रेकॉर्डर बंद केला नाही. मामा वळला. बसायला कुठे जावं ते त्याला कळेना. आल्यावर तो भिंतीपाशी, पेन्शनच्या कामाला आलेल्यांच्या खुर्च्यांत बसला होता.

मागच्या बाकावर आत्याने शेजारच्याला कोपराने ढकललं. तो सरकला, त्याच्यापुढचा सरकला, पाचवा जवळजवळ खाली पडला. टीचभर जागा झाली.

मामा तिथे जाऊन बसला.