देवघेवची वेगळी चूल

मुकादमाला मुकादम म्हणून कोणी नेमलेलं नव्हतं. तो साधा सॉफ्टवेअर डेव्हलपर. दिवसभर एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांनी केलेला घोळ निस्तरायचा आणि घरी आला की स्वतःच्या प्रोग्रॅमपुढे बसायचा. प्रोग्रॅमचं नाव 'देवघेव'. काम एवढंच, की घरातल्या एका फोनमधली फाइल त्याच घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर थेट पोचवायची. मध्ये कुठल्या कंपनीच्या कोठारात ठेवायची नाही, कोणाला खातं उघडायला लावायचं नाही. हा प्रोग्रॅम त्याने ओपन सोर्स केला होता, म्हणजे त्याचा सगळा कोड जगापुढे मांडून ठेवला होता. घ्या, वापरा, बदला, वाटा! लोक आले, चुका दाखवू लागले, दुरुस्त्या पाठवू लागले आणि बघता बघता मोठा गोतावळा जमला. मुकादम हे नाव त्या गोतावळ्यानेच दिलेलं, कारण पाठवलेली दुरुस्ती त्याने पहिल्या झटक्यात आत घेतली असं कधी झालंच नाही.

"ज्ञान वाटल्याने वाढतं," हे तो चहाच्या कपागणिक ऐकवायचा.

"आणि टीव्हीचा रिमोट वाटल्याने काय होतं?" बायको विचारायची. त्यावर तो चहा गरम आहे असं म्हणायचा.

या गोतावळ्यात त्याची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीणही होती. तीसुद्धा डेव्हलपर, आणि हाताची चलाख. तिचं एकच म्हणणं होतं, की म्हाताऱ्या माणसांसाठी देवघेवमध्ये मोठी अक्षरं आणि मोठी बटणं हवीत. मुकादमाने नाही म्हटलं. वर्षभराने तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा नाही म्हटलं. प्रोग्रॅम कसा आटोपशीर हवा, आज मोठं बटण मागतील, उद्या रंगीत बटण मागतील, असं लांबलचक उत्तर त्याने लिहिलं. मग मेहुणीने विचारणंच सोडलं आणि फोर्क केला. फोर्क म्हणजे आहे तो सगळा कोड उचलायचा आणि आपली वेगळी चूल मांडायची. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कोणाला विचारावं लागू नये म्हणून तर ओपन सोर्स, हे मुकादमाने स्वतः भाषणांत सांगितलेलं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिने नाव ठेवलं 'सोपी देवघेव'.

"सोपी! म्हणजे माझी काय डोंगर चढायला लावते?" तो घरात गरजला. चारचौघांत मात्र त्याने 'शुभेच्छा.' एवढंच लिहिलं. त्या पूर्णविरामाचा आवाज मेहुणीच्या घरापर्यंत ऐकू गेला. तेव्हापासून ती बहिणीकडे आली की भावोजी आणि ती फक्त हवामानावर बोलत.

इथपर्यंत सगळं घरोघरी चालतं तसंच होतं. पण पुढे मुकादमाने एक गोष्ट केली, ती काही बरी नव्हती. देवघेवमध्ये एक जुनं दुखणं होतं आणि अर्थातच ते सोप्या देवघेवमध्येही गेलं होतं. फाइल फार मोठी असेल आणि मधेच घरातलं वायफाय क्षणभर गेलं, तर फाइलचं शेपूट तुटायचं आणि प्रोग्रॅम मात्र खुशाल 'पोचली' म्हणून सांगायचा. मुकादमाला हे दोनेक महिन्यांपूर्वी सापडलं आणि त्याने ते आपल्याकडे दुरुस्त केलं. एरवी एवढ्या दुरुस्तीवर त्याने निबंध लिहिला असता. या वेळी त्याने वर शेरा मारला, 'किरकोळ साफसफाई'. असा शेरा वाचून आतला कोड उघडून बघायच्या भानगडीत कोणी पडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपण लपवलं कुठे, कोड तर उघडाच आहे, ज्याला हवं त्याने बघावं, अशी त्याने मनाची समजूत घातली. मन मोठं समजूतदार, लगेच गप्प बसलं.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. नोकरीतून मोकळ्या झाल्यापासून त्या अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करत. त्यासाठी त्यांनी अडगळीची खोली ताब्यात घेतली होती आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या होत्या. सध्या एक जाडजूड कादंबरी चालली होती. त्या वाचायला बसल्या की घरात सगळे चवड्यांवर चालत. वाचून झालं की त्या ते कॉम्प्युटरवर पाठवत आणि तिथून ते वाचनालयात जाई.

एका रविवारी सकाळी त्या चहाला बसल्या आणि म्हणाल्या, "मी वाचनालयवाल्यांना आज कळवून टाकते. पुढचं दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या म्हणावं."

"का गं आई? घसा दुखतोय?" बायकोने विचारलं.

"घशाला काय धाड भरलीय? हे पाठवायचं जमत नाही मला. परवा पुन्हा तिथल्या बाईंचा फोन आला. म्हणे, आजी, प्रकरणाचा शेवट कुठे गेला? तीन वेळा वाचलंय मी ते प्रकरण! इकडून सगळं जातं आणि तिकडे अर्धंच पोचतं. फोनमध्ये जागा नाही, म्हणून पाठवलं की इथलं पुसून टाकते. माझंच बोट कुठेतरी भलतीकडे पडत असणार." त्यांनी कप खाली ठेवला. "वय झालं की माणसाने आपण होऊन बाजूला व्हावं. लोकांना सांगायची वेळ आणू नये."

त्या हे हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. हे वाचन त्यांना किती जिवाभावाचं होतं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आई, फोन बघू जरा," मुकादम म्हणाला.

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. लेकीने एक धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. मुकादमाने फोन हातात घेतला, तर पडद्यावर भलंमोठं पिवळं बटण आणि त्यावर लाडवाएवढ्या अक्षरांत 'पाठव'. सोपी देवघेव!

"हे कधीपासून?"

"जावईबापू, राग मानू नका," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं चांगलंच आहे हो. पण त्यातली अक्षरं मुंग्यांएवढी. बरं, मुंग्या निदान हलतात, म्हणून दिसतात तरी."

मुकादम बायकोकडे वळला. "तुझ्याही फोनवर हेच आहे?"

"हो. आणि आपल्या पोरीच्याही," बायको नळाकडे बघत म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साऱ्या जगाला देवघेव वाटत सुटलेल्या माणसाच्या घरात देवघेव वापरणारा तो एकटाच उरला होता. मुकादमाला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण ते पुरतं वाटून व्हायच्या आतच सासूबाईंचं मघाचं बोलणं त्याच्या ध्यानात आलं. अर्धंच पोचतं! म्हणजे शेपूट तुटतं. सासूबाई तीनतीनदा वाचत होत्या, स्वतःच्या बोटाला दोष देत होत्या, आणि त्याचं औषध दोन महिने त्याच्या खिशात पडून होतं.

क्षणभर एक सोपी वाट दिसली. सासूबाईंच्या फोनवर आपली देवघेव बसवून द्यायची. हातासरशी होणारं काम, दुखणं गेलं आणि सासूबाईही परत आपल्या चुलीवर! पण मुंग्यांचं काय? आणि सासूबाई काही एकट्या नव्हत्या. कुठल्या कुठल्या घरांत कोण कोण ते पिवळं बटण दाबून स्वतःला बोल लावत असेल, कोणाला ठाऊक.

"आई, आज काही कळवू नका. संध्याकाळपर्यंत थांबा."

"संध्याकाळपर्यंत काय माझं बोट सुधारणार आहे?"

"थांबा तर खरं."

तो आत गेला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने मेहुणीचा कोड उघडला. नाकं मुरडायची पूर्ण तयारी होती. पण दर फाइलीच्या डोक्यावर त्याचं नाव तसंच होतं, त्याच्या जुन्या टिपाही तशाच होत्या. आणि पाठवायच्या फाइलीचे तुकडे करायचा जो भाग त्याने सुताच्या गुंत्यासारखा लिहून ठेवला होता, तो तिने असा सोडवून मांडला होता की वाचताना कुठे अडायला होईना. हे बघून खरं तर त्याला झोंबायला हवं होतं. पण चांगला कोड बघून ज्याला आनंद होत नाही तो डेव्हलपर कसला? "शाब्बास गं!" तो मोठ्याने म्हणाला आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघितलं.

दुपारभर बसून त्याने तिच्या मांडणीला साजेल अशी दुरुस्ती नव्याने लिहिली. कोड जमला, पण वर काय लिहायचं ते जमेना. शेवटी त्याने लिहिलं, 'मोठ्या फाइलीचं शेपूट तुटतं, त्यावर ही दुरुस्ती आहे. ती माझ्याकडे दोन महिने होती. किरकोळ साफसफाई म्हणून मी ती झाकून ठेवली. चूक माझी आहे.' हे सगळा गोतावळा वाचणार होता. शेवटचं वाक्य त्याने एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडायचा मोह व्हायच्या आत पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं. ते मेहुणीचं नव्हतं, पहिल्यांदाच काही पाठवणाऱ्या नवख्या माणसाला आपोआप जाणारं होतं. 'या, या! तुम्ही इथे नवीन दिसता. घाबरू नका, इथे प्रत्येकजण कधीतरी नवीनच होता. चुकलं तर कोणी हसणार नाही. हे घर तुमचंच आहे.'

मुकादम बघतच राहिला. हे शब्द त्याचेच. देवघेव सुरू झाली तेव्हा, चार माणसंसुद्धा आलेली नसताना, त्याने मोठ्या हौसेने लिहिलेले. पुढे माणसं वाढली, तो मुकादम झाला, आणि त्या गर्दीत कधीतरी त्यानेच ते काढून टाकले होते. मेहुणीने ते शोधून परत लावले होते. त्याला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

पाठोपाठ मेहुणीचा निरोप आला. 'भावोजी, किरकोळ साफसफाई म्हणे! समोर या, मग बोलते. दुरुस्ती झकास आहे. पण चाचणी कुठे आहे? चाचणीशिवाय मी काही आत घेत नाही.'

इतरांना हेच सांगून सांगून मुकादमाने घसा बसवून घेतला होता. तो निमूटपणे चाचणी, म्हणजे दुरुस्ती खरंच चालते का ते तपासणारा कोड, लिहायला बसला. ऊन उतरता उतरता दुरुस्ती आत गेली आणि मेहुणीने विचारलं, 'आईला मी सांगू की तुम्ही सांगता?'

'मीच सांगतो,' त्याने लिहिलं.

सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या. कादंबरी मांडीवर मिटलेली होती. मुकादमाने त्यांच्या फोनवर नवी सोपी देवघेव उतरवून दिली आणि समोर उभा राहिला.

"आई, तुमच्या बोटाचा काही दोष नव्हता. प्रोग्रॅमच चुकत होता. आणि मला ते दोन महिने माहीत होतं. केवळ हेक्यापायी मी धाकटीला सांगितलं नाही."

आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून त्याने मान खाली घातली.

"म्हणजे मी पाठवत होते ते बरोबर होतं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"अगदी बरोबर."

"दर वेळी?"

"दर वेळी, आई."

त्यांनी चष्मा चढवला, कादंबरी उचलली आणि विशीतल्या मुलीसारख्या ताडकन उठल्या. "तुमचा समाचार मी नंतर घेते," असं जावयाला बजावून त्या अडगळीच्या खोलीकडे निघाल्या आणि जाता जाता स्वयंपाकघरात डोकावून लेकीला ओरडून म्हणाल्या, "अगं ऐकलंस का? मला येत होतं!"