रीसलिंग आणि आळूवडी

मी रीसलिंग, थंड देशातली पांढरी वाईन. चंदीगडच्या एका मराठी घरात, फ्रिजच्या दारात, ताकाच्या भांड्याला टेकून बोलतेय.

माझी द्राक्षं जर्मनीत, नदीकाठच्या उभ्या उतारावर पिकली. तिथलं ऊन बेताचं. त्यामुळे द्राक्षं सावकाश गोड होतात आणि आंबटपणा सोडत नाहीत. तरुणपणी मला लिंबाचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास होता. पुढे बरीच वर्षं तळघरात पडून राहिले, आणि वयाबरोबर वासही बदलला.

संपदाने मला स्वेटरात गुंडाळून आणलं. ती मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करते आणि कामासाठी जर्मनीत आली होती. तिच्या आईला, मधुवंतीला, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पोळीचा तुकडा गोळी गिळावी तसा गिळत होती. ती स्वतः डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी एका तापात तिला वास येणं बंद झालं. आंबट-गोड जिभेला कळायचं, पण कोथिंबीर आणि गवत तिला सारखंच. तिने स्वयंपाक सोडून दिला होता.

मला माणसांच्या नाकाचं फार कुतूहल. जीभ चारपाच गोष्टी सांगते, बाकी सगळं नाक. तेच बंद पडलं तर माणूस जेवताना काय करत असेल?

रविवारी दुपारी संपदाने आळूवड्या तळल्या. तिचे बाबा, माधवराव, बाजारातून तळलेले अमृतसरी मासे घेऊन आले.

"हिच्याबरोबर हे चालतं का?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"तिखट, तळलेलं, चिंचगुळाचं, सगळं चालतं," संपदा म्हणाली. "आंबटपणाने तेलकटपणा जाणवत नाही आणि जराशा गोडीने तिखट निवतं. फक्त गुलाबजाम नको, बाबा. त्याच्यापुढे ही नुसती आंबट लागेल."

तिने आईपुढे ग्लास ठेवला. "तू फक्त वास घे."

"संपदा, पुरे झालं आता. मागे तुमचं मन राखायला मी वास येतोय, येतोय म्हटलं. खरं तर काहीच येत नव्हतं."

तरी तिने ग्लास नाकाशी नेला. थांबली. पुन्हा नेला.

"रॉकेल," ती म्हणाली.

माधवराव ओशाळले. "अगं, लेकीने एवढ्या लांबून आणलीय. वाईनला रॉकेलचा वास कसा येईल?"

"मला येतोय. कऱ्हाडला आमच्या स्टोव्हला यायचा तसा. अगदी पुसट."

संपदाच्या हातातला झारा तसाच राहिला. "बाबा, जुन्या रीसलिंगला रॉकेलचाच वास येतो. आईला हे मी सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं."

मधुवंतीने दोन्ही हातांनी ग्लास धरून आणखी एकदा खोल श्वास घेतला. मग आळूवडी उचलून हुंगली. "हिला नाही येत," ती म्हणाली, आणि तरीही तिने ती चवीने खाल्ली.

आता मी तळाशी थोडी उरलेय. मधुवंती रोज सकाळी बूच काढते, मला हुंगते आणि पुन्हा बंद करते. पीत नाही. काल म्हणाली, "लिंबू आहे का गं यात?" विचारलं मलाच, घरात दुसरं कुणी नव्हतं.

उघडलेली वाईन फार दिवस टिकत नाही. माझा वास आता उडत चाललाय. मधुवंती, उद्या खरं लिंबूच कापून हुंग, आणि मला एकदाची माशांबरोबर संपवून टाक.