जेवणानंतरची दुआ

हिकमत थापाला आमची भाषा मी शिकवली. किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, एका खासगी मेडिकल कॉलेजात परदेशी मुलांना किर्गिझ शिकवायचं, हीच माझी नोकरी. बाकीची पोरं बटाट्याचा भाव विचारण्यापुरतं शिकतात आणि वही मिटतात. हा नेपाळी पोरगा मात्र बाजारातल्या बायकांशी त्यांच्या सुनांबद्दल तास तासभर बोलायचा. रोटी उलटी ठेवायची नाही, उंबऱ्यावर थांबायचं नाही, चहाचा पियाला काठोकाठ भरायचा नाही, सगळं त्याला पाठ. बाजारात त्याला 'आमचा जावई' म्हणत. ते ऐकलं की गडी दोन बोटं उंच व्हायचा.

पाचव्या वर्षी रुग्णालयाने परदेशी मुलांना वॉर्डाचं दार बंद केलं. यांना बोलता येत नाही आणि पेशंट घाबरतात, असं कारण दिलं. आमच्या डीनने, मेलीस अगायनी म्हणजे मेलीस सरांनी, ते निमूट ऐकून घेतलं. कागदावर मात्र पोरं रोज वॉर्डात जात होती. वॉर्डात काम न करता मिळालेल्या डिग्रीला त्यांच्या देशात कुणी विचारणार नव्हतं. पाच वर्षं पाण्यात.

तेवढ्यात राजधानीतून, बिश्केकहून, सरकारी तपासणीला बाई आल्या, आल्तिनाय. त्यांनी एक हुकूम काढला असता तर दार उघडलं असतं. पण दिवसभर डीन त्यांना सावलीसारखे चिकटून होते. राहिलं संध्याकाळचं, डीनच्या घरचं जेवण. पोरांनी ठरवलं, हिकमतने बोलायचं. दुसऱ्या कुणाला बोलता येतच नव्हतं.

"चहा आला की लगेच बोल," हातातले पियाले मांडता मांडता पवित्रा त्याला म्हणाली. ती त्याच्याच वर्गातली, त्याच्याच गावाकडची. "वाट बघत बसू नकोस."

"अगं, पाहुण्याने जेवताना गाऱ्हाणं सांगितलं तर इथे फार वाईट दिसतं. जेवण होऊ दे. तुला यांच्या रीती ठाऊक नाहीत."

"मला माझी डिग्री ठाऊक आहे," ती म्हणाली.

मेंढा कापला होता. डीनने हिकमतला ओढून आपल्याजवळ, वरच्या जागी बसवलं आणि चांगल्यातलं, मानाचं हाड त्याच्या ताटात घातलं. आल्तिनायबाई पोरांकडे वळून म्हणाल्या, "काय मुलांनो, समाधानी आहात ना?" पोरांना 'मुलांनो' एवढंच कळलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पवित्राने हिकमतकडे बघितलं.

"जेवणानंतर सविस्तर सांगतो, एजे," थोरल्या बहिणीला घालावी तशी हाक घालत हिकमत अदबीने म्हणाला.

"अरे वा! हा तर आमच्यापेक्षा शुद्ध बोलतो!" बाई खूश झाल्या.

मेलीस अगाय कोल्ह्याच्या जातीचे. 'सविस्तर' म्हणजे काय ते त्यांनी तिथेच ओळखलं. चहाचा शेवटचा पियाला फिरला. हिकमतने घसा खाकरला, तोच डीन मोठ्याने म्हणाले, "आज दुआ आमचा हिकमत देईल! म्हातारे देतात ती रोजचीच. आज आमचा परदेशी लेक देईल!"

टाळ्या पडल्या. मी समोरच बसले होते. जेवणानंतरची दुआ झाली की बैठक मोडली. त्यानंतर कुणी घास घेत नाही, विषय काढत नाही, पाहुणे उठतात. मीच शिकवलं होतं त्याला हे. त्याला पक्कं ठाऊक होतं. मी डोळ्यांनी 'नको' म्हटलं. पण त्या वयाच्या पोराला आमच्याकडे दुआ कोण द्यायला सांगतं? दस्तरखानाभोवतीची सगळी पंगत त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याचे कान लाल झाले.

त्याने तळवे उचलले.

"या घराची चूल विझू नये. इथल्या लेकरांनी आईबापांचं नाव काढावं. आल्या पाहुण्याने हसत परतावं. ओमीन!"

सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी डोळे पुसले. आल्तिनायबाई उठल्या आणि कोट चढवू लागल्या. पवित्रा धावली आणि मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, "वॉर्ड... नाही... आम्ही..."

"दुआ झाली, मुली," बाईंनी प्रेमाने तिच्या गालाला हात लावला. "किती नशीबवान तुम्ही! असं घर मिळालं." आणि गाडीत बसल्या.

हिकमत उभाच होता. डीनने त्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्या थापेची शिसारी आली, आणि हिकमतचीही.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या फाटकावर हिकमतचं भलंमोठं चित्र लागलं, हात उचललेलं, खाली 'इथे मी घरच्यासारखा'. नवी पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढायची. वॉर्डाचं दार बंदच होतं.

एकदा मी माझ्या बहिणीला बघायला रुग्णालयात गेले होते. वॉर्डाच्या दारात हिकमत मोठ्या नर्सबाईंना, बुरुलबाईंना, विनवत होता. जरा मागे पवित्रा उभी होती.

"एजे, मला पेशंटशी बोलता येतं. निदान मला एकट्याला तरी आत घ्या."

पवित्राने ते ऐकलं. ती वळली आणि जिना उतरून गेली.

"काय गोड बोलतोस रे!" बुरुलबाईंनी त्याच्या हनुवटीला हात लावला. "अगदी आमचाच झालास."

"मग घ्या ना आत."

"पाहुणा असतास तर नाही म्हणायला जीभ वळली नसती," त्या हसत म्हणाल्या. "घरच्या पोराला काय, जा म्हटलं की जायचं."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.