कापसाचे हात

कमलाकांतशास्त्री अकोल्याहून परतले तेव्हा बैलांपेक्षा तेच जास्त थकले होते. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तेव्हापासून अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीतून वैद्याला वाट मिळेनाशी झाली.

दारातच त्यांच्या थोरल्या शिष्याने, नारायणाने, मोठ्या अभिमानाने सांगितलं. सकाळी वलगावचा सूर्यभान आला होता. बायकोला, वच्छलेला, पटकी झाली म्हणत होता. पण त्याच्या हातांना कापूस चिकटलेला होता, म्हणून नियमाप्रमाणे त्याला परत पाठवलं.

नियम शास्त्रीबुवांचाच. त्यांच्याकडे वैद्यकी शिकायची तर आधी वर्षानुवर्षं व्याकरण, मग काव्य, मग दूतपरीक्षा, म्हणजे बोलावणं घेऊन येणाऱ्याची लक्षणं. केस विस्कटलेला, रडवेला, हाताला कापूस लागलेला माणूस आला तर रोगी वाचत नाही, वैद्याने जागचं उठू नये. रोग्याच्या उशाशी बसायची पाळी त्याच्याही नंतर. वडिलांनी घोकून घेतलं तसं यांनी घोकून घेतलं. कापसाच्या हंगामात अख्ख्या वऱ्हाडात कोरे हात कोणाचे असणार, हा साधा विचार एवढ्या विद्वान डोक्यात कधी शिरला नाही.

त्यांनी बैल सोडू दिले नाहीत. वलगावला पोचेपर्यंत वच्छलेला स्मशानात नेऊन झालं होतं. सूर्यभान अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसला होता. चूक माझी आहे, असं शास्त्रीबुवांनी मान खाली घालून सांगितलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

“मले कोनी सांगतलं असतं, तं हात धुऊन आलो असतो, महाराज,” एवढंच तो म्हणाला.

या वयात आपलंच शिकवलेलं पुसत बसायचं शास्त्रीबुवांच्या जिवावर आलं होतं. तरी त्यांनी दूतपरीक्षा बंद केली. आता पहिल्या वर्षापासूनच रोग्याच्या घरी जायचं, पेज पाजायची, घाण काढायची, व्याकरण सवडीने. नारायण हिरमुसला. पाठात आपलं काय चुकलं, असं त्याने विचारलं.

“तुझं काहीच नाही रे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “शिकवणारा चुकला.”

थोड्याच दिवसांनी वलगावचाच पुंजाराम दारात आला. पोराला पटकी झाली होती. नारायण काही न विचारता औषधांचा बटवा घेऊन उठला. पुंजारामच्या हातांवरून पाणी ठिबकत होतं. पोराला उलट्या पहाटेच सुरू झाल्या होत्या, आणि आता ऊन डोक्यावर आलं होतं. एवढा उशीर का केला, असं शास्त्रीबुवांनी विचारलं.

“इथल्या इहिरीवर गर्दी होती जी, हात धुवाले येळ लागला. सूर्यभाननं सांगतलं, हाताले कापूस असला तं वैद्य येत नाई.”

शास्त्रीबुवांनी नारायणाला पुढे पिटाळलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून ते पुंजारामचे गार हात पुसू लागले. त्याच्या तोंडाकडे त्यांना बघवेना.