उशीतली हवा

तिने उशीच्या तोटीत सुई सारली आणि स्वतःचा श्वास रोखून धरला.

“बाई, आज इथेच झोपायचा बेत आहे की काय?” यंत्रापाशी बसलेल्या मास्तरांनी चेष्टा केली. प्रयोगशाळेत वायू मोजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

ती हसली नाही. मानेभोवती घालायची ती प्रवासातली उशी तिच्या नवऱ्याने फुगवली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी, सहज, कुठे भोकबीक नाही ना ते बघायला. प्रवास झालाच नाही. पहाटे त्याच्या हृदयाने दगा दिला. त्याला वर्ष उलटून गेलं, तरी ती रोज उशी कुशीत घेऊन झोपायची. वेडेपणाच तो! पण त्याच्या छातीतून निघालेलं एवढंच तर जगात उरलं होतं.

कार्बन डायऑक्साइडपासून मेथॅनॉल नावाचा द्रव बनवणं हे तिचं काम. तांब्याच्या भुकटीवरून, म्हणजे उत्प्रेरकावरून, तो वायू हायड्रोजनबरोबर सोडायचा. धुराड्यातल्या वायूचं होतं, मग माणसाच्या उच्छ्वासाचं का नाही होणार? एक थेंब मिळाला तरी कुपीत जपून ठेवता येईल. फक्त एक गोष्ट ती स्वतःशीही बोलत नव्हती. असल्या प्लास्टिकमधून हाच वायू सगळ्यात आधी निसटतो.

पडद्यावरची रेघ सपाट सरकत राहिली. मग एकदम उंच चढली.

“आहे!” ती ओरडलीच. “मास्तर, आहे तो!”

“चांगला भरपूर आहे की. काल-परवाच फुगवलेली दिसतेय.”

‘छे, वर्ष झालं’ म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सुई काढताना तोटीतून बारीकशी झुळूक नाकाशी आली. खोकल्याच्या गोळीचा वास. त्याने जन्मात कधी ती गोळी तोंडात धरली नव्हती.

घरात ती गोळी एकच माणूस चघळायचं. सासूबाई. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागून मटकन बसणाऱ्या. ती कामावर गेली की मागे काय चालायचं ते आता तिला कळलं. उशी इतके दिवस टणक कशी राहिली, हा प्रश्न तिला, एवढ्या शिकलेल्या बाईला, कधी पडलाच नव्हता.

“मग, सोडायची उत्प्रेरकावर?” मास्तरांनी विचारलं.

“नको,” ती डोळे पुसत म्हणाली. “घरी लागते.”

संध्याकाळी सासूबाई दारातच बसून होत्या.

“उशी कुठे गं नेलीस? फुटलीबिटली नाही ना?”

“नाही आई. थोडी हवा गेलीय.” ती त्यांच्या शेजारी टेकली. “आज मी फुगवते. तुम्हाला धाप लागते.”

सासूबाईंनी तोंडातली गोळी गालात सरकवली.

“तोटी दातांत घट्ट धर,” त्या हळूच म्हणाल्या. “आतली त्याची हवा बाहेर येऊ द्यायची नाही.”