हिरासिंगची काळीपिवळी

मित्रांनो, बोरी अरबहून दारव्ह्याकडे निघालात की वाटेत तांड्याचा फाटा लागतो. त्या फाट्यावरून आत वळलं की हिरासिंगच्या अंगणात, कडब्याच्या गंजीला टेकून, एक जुनी काळीपिवळी जीप उभी दिसते. ती मी. माझा पिवळा रंग आता हळदीच्या जुन्या डागासारखा फिका झाला आहे. एका दिव्याची काच फुटली आहे. प्रवासी नेण्याचा माझा परवाना कधीच संपला. पण रस्त्याची ओढ काही संपत नाही. डांबरावरून एखादी गाडी गेली की तिचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकत राहते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो तांड्यावर आले तो दिवस. हिरासिंगची बायको बिजलीबाई हिने माझ्या आरशाला कवड्यांची माळ बांधली. त्यांची लहानगी राखी कुणाच्याही आधी पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि उतरायला तयार होईना. हिरासिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. तो अभिमानाने सांगे, "माया आजानं बैल हाकलले. मी डिझेलचा बैल हाकलून राह्यलो."

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. बाजाराच्या दिवशी मी दारव्ह्याला माणसं नेई. माझ्या टपावर सोयाबीनची पोती, भाजीच्या टोपल्या, कधी एखादी बकरीसुद्धा. कापसाच्या दिवसांत नेरपर्यंत जाई. आत इतकी माणसं बसत, की दार लावायला बाहेरच्या माणसाने ढकलावं लागे. लोक म्हणत, "हिरासिंगची गाडी हाय, पोचवल म्हणजे पोचवल." ते ऐकून माझी छाती फुगे.

डिझेलची गाडी कशी चालते, ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं दुःख तुम्हाला समजेल. माझ्या मागच्या अंगाला टाकी आहे. टाकीत बुडालेली एक नळी डिझेल ओढून घेते. ते फिल्टरमध्ये गाळलं जातं, तिथून पंपात जातं, आणि पंप ते बारीक तोंडाच्या नोझलमधून इंजिनात फवारतो. या वाटेत कुठे हवा शिरली किंवा कचरा अडकला, की मी आधी धापा टाकते आणि मग थांबते.

माझी ही वाट ज्याला तळहातासारखी पाठ होती, तो म्हणजे दारव्ह्याचा जफर मिस्त्री. तो माझ्या धुराकडे बघूनच बोलायचा. धूर काळा आला की, "हिरासिंग, इच्या पोटात जेवण जास्त अन् हवा कमी." पांढरा आला की, "कच्चं डिझेल बाहेर फेकून राह्यली." हिरासिंग आणि जफर नुसते गिऱ्हाईक-मिस्त्री नव्हते. ईदचा शिरखुर्मा तांड्यावर यायचा आणि दिवाळीचा फराळ जफरच्या घरी जायचा. राखी आणि जफरची मुलगी फरहाना शाळेत एकाच बाकावर बसत. माझं काम नसलं तरी हिरासिंग मला त्या गॅरेजसमोर उभी करी आणि दोघे गप्पा मारत बसत.

राखी मोठी झाली. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. उजाडताच ती फाट्यापासून रस्त्याने धावत सुटे आणि हिरासिंग मला तिच्या मागून हळूहळू चालवी. तिची वेणी पाठीवर आपटत असे आणि मी तिच्या पावलांशी चाल जुळवत असे. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत हळू, आणि मला सर्वांत आवडलेला प्रवास.

भरतीच्या मैदानी परीक्षेचं बोलावणं आलं. यवतमाळला अगदी सकाळी हजर व्हायचं होतं. त्या वेळी एसटी मिळत नव्हती. माझ्यावर भरवसा असावा म्हणून हिरासिंगने आधीच्या आठवड्यात जफरकडून माझा पंप उघडून नीट करून घेतला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी पाहतो तर टाकीत डिझेल कमी. त्याने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल कॅनमध्ये आणलं आणि माझ्यात ओतलं. तो कॅन ऑइलचा होता. त्याच्या तोंडावरचं पातळ चकचकीत पन्नीचं गोल सील अर्धवट फाटून लोंबत होतं. ते धारेबरोबर सुटलं आणि माझ्या टाकीत पडलं. टाकीच्या तोंडाशी असलेली जाळी केव्हाच फाटली होती. ती अडवणार कशी? हिरासिंगला ते दिसलं नाही. मला मात्र ते पोटात उतरताना जाणवलं.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर!

सकाळी आम्ही निघालो. बोरी ओलांडली. पुढच्या चढावर ती पन्नी डिझेलबरोबर ओढली गेली आणि टाकीतल्या नळीच्या तोंडावर चपखल बसली. मी धापा टाकल्या, हिसके दिले आणि थांबले. हिरासिंगने बोनट उघडलं, हाताचा पंप मारून मारून घामाघूम झाला. डिझेल येईना. काही वेळाने ओढ थांबल्यामुळे पन्नी आपोआप सुटून तळाला गेली, आणि डिझेल असं आलं, जणू काही झालंच नव्हतं. गाडी सुरू झाली. थोडं अंतर गेलो आणि पुन्हा तेच. रस्त्यावर दुसरी गाडी दिसेना. राखी खाली उतरली. एकदा रस्त्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा तिच्या गटाच्या मुली धावून मोकळ्या झाल्या होत्या. फाटक बंद होतं. राखी रडली नाही. बूट काढून हातात घेतले आणि माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढच्या सीटवर ती पुन्हा कितीतरी दिवस बसली नाही.

परतताना हिरासिंगने मला थेट गॅरेजसमोर उभं केलं. माझं इंजिनही बंद न करता तो खाली उतरला.

"पंपातला चांगला माल काढून तू जुना घातला. नाई तं आठ दिवसात गाडी बंद काहून पडल?"

जफर नोझल पुसत होता. त्याचे हात थांबले.

"हिरासिंग, तू हे मले म्हणून राह्यला?"

"तुलेच. मायी पोट्टी फाटकाबाह्यर उभी होती. समजलं?"

जफरने हातातलं नोझल फळीवर ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने पाहिलं असतं, विचारलं असतं की कशी बंद पडली, कुठे पडली, पुन्हा सुरू कशी झाली, तर टाकीपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला नसता. पण जिव्हारी लागलं होतं. तो हात धुऊन घरात निघून गेला.

त्यानंतर मी त्या गॅरेजसमोर थांबले नाही. हिरासिंगने मला नेरला दाखवलं, यवतमाळला दाखवलं. कुणी फिल्टर बदलला, कुणी नळ्या बदलल्या, कुणी पंप पुन्हा उघडला. मिस्त्रीसमोर उभी असताना माझं डिझेल अगदी स्वच्छ वाहायचं, कारण पन्नी तळाशी निजलेली असायची. कधी कित्येक दिवस काही होत नसे. मग एखाद्या चढावर ती पुन्हा उठे. लोक म्हणू लागले, "हिरासिंगच्या गाडीचा भरवसा नाई." माझ्यात बसायच्या आधी लोक दुसरी जीप येते का ते पाहू लागले. पुढची भरती लांबत गेली, आणि ती निघाली तोवर राखीचं वय उलटून गेलं होतं.

दारव्ह्यातून जाताना हिरासिंग गॅरेजच्या बाजूला बघत नसे. पण तिथे आलं की तो गिअर कमी करी. कशासाठी करतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

हिरासिंगच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझी चावी राखीच्या हातात आली. एका बाजाराच्या दिवशी तिने मला बायकांनी भरून दारव्ह्याला आणलं, आणि भर चौकात मी बंद पडले. मागे हॉर्न वाजू लागले. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पाना घेऊन आली. ती फरहाना होती. जफरचे हात आता थरथरत. तो घरीच बसे, आणि गॅरेज तीच चालवत होती.

"बापूले कळलं तं..." राखी पुटपुटली.

"मंग लवकर बोनट खोल," फरहाना म्हणाली. "बंद पडल्यावर लगेच चालू होते का थांबून?"

"थांबून. जरा वेळ बसलं का जशीच्या तशी."

"चढावर जास्त पडते?"

"हो. तुले कसं समजलं?"

फरहानाने आधी माझ्यातल्या बायकांना उतरायला लावलं. तिने मला गॅरेजमध्ये ढकलत नेलं. डिझेलचा एक स्वच्छ डबा माझ्या बोनटजवळ बांधला आणि आरपार दिसणाऱ्या नळीने तो थेट फिल्टरला जोडला. माझी टाकी तिने डिझेलच्या वाटेतून तेवढ्यापुरती वगळली. मग दोघी मला घेऊन बोरीच्या पुढे त्याच चढावर गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. नळीत हवेचा बुडबुडा नव्हता. मी एकदाही थांबले नाही. कितीतरी वर्षांनी मी अशी मोकळा श्वास घेऊन धावले!

"पंप चांगला हाय, फिल्टर चांगला हाय," फरहाना म्हणाली. "दुखणं टाकीत हाय. आजवर कोणी टाकी खाली घेतलीच नाई."

तिने टाकी उतरवली, रिकामी केली आणि हात घालून ती पन्नीची चकती बाहेर काढली. राखीने ती घेतली. नाण्यापेक्षा थोडी मोठी असेल. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्याच्यानं?" ती म्हणाली. "ह्याच्यानं मायं मैदान गेलं?"

फरहाना तिच्याजवळ जमिनीवरच बसली. तिच्या हातांना डिझेल लागलं होतं, म्हणून तिने राखीच्या खांद्याला खांदा लावला. मग फरहाना म्हणाली, "अब्बा अजून इचारते, हिरासिंगची गाडी धावून राह्यली का म्हून."

राखीने घरी जाऊन चकती बापाच्या हातावर ठेवली. ती कुठे सापडली ते सांगितलं. हिरासिंगने डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, बोटांनी चाचपली. त्याला तो कॅन आठवला असावा. तो खाटेवर तसाच बसून राहिला. शेवटी बिजलीबाई बोलली.

"बसून काय राह्यले? उठा. ज्याले बोल लावला, त्याच्या दारी जा."

राखीने मला जफरच्या घरासमोर उभं केलं. हिरासिंग चाचपडत उतरला आणि दाराशी थांबला. जफर बाहेर आला. दोघेही म्हातारे झाले होते. हिरासिंगने नुसता तळहात पुढे केला.

"टाकीत होती," तो म्हणाला. "मीच टाकली होती, जफर. मीच."

जफरने ती चकती पाहिली.

"मीबी त्या दिवशी टाकी पाह्यली नाई," तो म्हणाला. "राग आला अन् घरात गेलतो. मिस्त्री होतो ना मी? पाह्याले पाह्यजे होती."

मग तो माझ्याजवळ आला. त्याने माझ्या बोनटवर हात ठेवला. माझं इंजिन चालू होतं. त्याचा हात थरथरत होता की मी, ते मला कळेना.

त्यानंतरचे काही महिने सुखाचे गेले. दोघे माझ्या पुढच्या सीटवर बसत आणि राखी त्यांना कुठेही काम नसताना फिरवून आणी. गेलेली वर्षं परत मिळाली नाहीत. राखीचं मैदानही नाही. मग जफरचा आजार वाढला आणि नागपूरला राहणारा त्याचा मुलगा त्याला उपचारासाठी तिकडे घेऊन गेला. तो अजून परतलेला नाही. माझाही परवाना सरला आणि मी या अंगणात आले.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिला गाळलेलं डिझेल घाला. टाकीची जाळी फाटली तर नवी बसवा. ती क्षुल्लक गोष्ट आहे, पण तिच्यावाचून काय काय वाहून जातं ते मी पाहिलं आहे. गाडी बंद पडली तर आधी टाकीपासून बघत या, मग नळी, मग फिल्टर, मग पंप. माणसावर बोट दाखवायची पाळी सर्वांत शेवटी येऊ द्या. आणि दाखवलंच असेल, तर उद्यावर ढकलू नका, आजच त्याच्या दारी जा. मी मुकी म्हणून इतकी वर्षं गेली. तुम्हाला तर बोलता येतं.

दर शुक्रवारी, जफरची दुपारची नमाज झाली की हिरासिंग अंगणात येतो आणि त्याला फोन लावतो. मग माझी चावी फिरवतो आणि फोन बोनटजवळ धरतो. मी जीव ओतून आवाज काढते, नागपूरला पोचावा म्हणून.

"एक नोझल टिपकून राह्यलं," पलीकडून क्षीण आवाज येतो. "फरहानाले दाखव."

"दाखवतो. तू कधी येतं?"

उत्तर नीट ऐकू यावं म्हणून हिरासिंग चावी बंद करतो. अंगण शांत होतं.

"बंद केली का?" जफर विचारतो.

"हो."

"आणखीन जरा चालू ठेव ना, यार."

आणि हिरासिंग पुन्हा चावी फिरवतो.